चर्चची वेबसाइट गुगलवर सापडत नाही: एजन्सीला पैसे देण्याआधी काय करावे?

प्रश्न अहिल्यानगरमधल्या एका जुन्या मराठी चर्चच्या सेक्रेटरींचा आहे. वेबसाइट होऊन दोन वर्षे झाली. चर्चचे नाव इंग्रजीत टाकले की वर फेसबुक पेज येते, मग जस्टडायल, मग त्याच नावाचे दुसऱ्याच शहरातले चर्च. आपली साइट शोधूनही दिसत नाही. मराठीत टाकले तर तेवढेही नाही. एका एजन्सीने पहिल्या पानावर आणण्याची ‘गॅरंटी’ देऊन दरमहा ठरावीक रक्कम मागितली आहे. कमिटीत दोन तट पडलेत. द्यावी का?

एवढ्यात देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. जाहिराती सोडून जे साधे निकाल दिसतात त्यांत वर येण्यासाठी गुगल पैसेही घेत नाही. मग गॅरंटी कशाची? बहुतेकदा तुमच्या चर्चचे पूर्ण नाव आणि गाव टाकल्यावर साइट दिसेल याची. ते तर फुकटात व्हायला हवे.

ट्रस्ट, शाळा, चर्च अशा संस्थांच्या साइट्स सांभाळणे हा माझा रोजचा धंदा आहे. त्यावरून सांगतो, चर्चच्या साइटचे दुखणे सहसा एसईओचे, म्हणजे गुगलच्या निकालांत वर येण्याच्या तंत्राचे, नसतेच. लोक जे शोधतात ते साइटवर लिहिलेले नसते, नाहीतर लिहिलेले गुगलला वाचता येत नाही.

कोण शोधतो ते आधी पाहा. एमआयडीसीत बदली होऊन आलेला माणूस शनिवारी रात्री उद्याच्या उपासनेची वेळ शोधतो. पुण्याहून लग्नाला निघालेले पाहुणे गाडी कुठे लावायची ते शोधतात. परदेशी निघालेल्या मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो. कोणाला आजोबांची कबर शोधायची असते. एखादा एम.ए.चा विद्यार्थी चर्च कधी बांधले ते शोधतो. आता तुमचे मुखपृष्ठ उघडा. वर पाच फोटो सरकतायत, खाली ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, त्याखाली एक वचन आणि पाळकसाहेबांचे मनोगत. सगळे चांगलेच आहे, पण या पाचांपैकी एकाच्याही प्रश्नाला उत्तर नाही.

गुगलला तुमची साइट ठाऊक तरी आहे का?

गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता तुमचा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, टाका. गुगलकडे तुमची कोणती पाने आहेत याचा अंदाज येईल. काहीच आले नाही तर साइट यादीतच नाही, असे धरून चाला. वर्डप्रेसवरच्या साइटचे यामागचे नेहमीचे कारण हास्यास्पद आहे. सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचे पान आहे. सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक चौकट तिथे असते. साइट बनत असताना डेव्हलपर तिच्यावर टिक करतो आणि काम सोपवताना काढायला विसरतो. मग दोन वर्षे कमिटी विचारत राहते की आपण दिसत का नाही. ती टिक काढणे हा अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे.

उलट भलतीच पाने दिसली, म्हणजे सट्टा, ऑनलाइन कॅसिनो, जपानी अक्षरांतली औषधे, तर साइट हॅक झालेली आहे. जुने प्लगइन आणि वर्षानुवर्षे न बदललेला पासवर्ड यांमुळे संस्थांच्या साइट्सवर हे सर्रास होते. मुखपृष्ठ नेहमीसारखे दिसत राहते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी बाकी सगळे बाजूला ठेवून आधी साफसफाई करा.

यानंतर गुगल सर्च कन्सोल जोडा; साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारे हे गुगलचेच साधन. फुकट आहे. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, त्यातच द्या. हे खाते चर्चच्या ईमेलवर उघडा. तरुण संघातल्या हौशी मुलाच्या जीमेलवर नको. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला की चाव्या त्याच्याबरोबर जातात.

मजकूर वाचता येतो का?

मराठी साइट्सचा हा खास रोग आहे. चर्चचे मासिक पत्रक, वार्षिक अहवाल, शतकमहोत्सवी स्मरणिका ही सगळी छापखान्यात श्रीलिपी, कृतिदेव किंवा किरण अशा फॉन्टात जुळवलेली असतात आणि त्यांच्याच पीडीएफ साइटवर चढतात. डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र भलतीच अक्षरे असतात. पारख सोपी आहे. पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आले तर ठीक. ‘´ÖÓ›üôûß’ असला चिवडा आला तर गुगलच्याही हाती तोच चिवडा पडतो.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल आणि गुगल वाचू शकतात त्या अक्षरसंकेतात, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ‘दुसऱ्या’, ‘पुनरुत्थान’, ‘ख्रिस्त’, ‘मंडळी’ एवढे शब्द बरोबर आलेत का पाहा. जोडाक्षरे, रफार आणि अर्धा र इथेच कन्व्हर्टर हमखास घसरतो. सगळी स्मरणिका बदलत बसायचीही गरज नाही. इतिहासाचे प्रकरण आणि पाळकांची यादी पुरे.

दुसरी अडचण बॅनरची. रविवारच्या वेळा, नाताळचा कार्यक्रम, संजीवन सभांची सूचना असे सगळे रंगीत पोस्टर करून फोटो म्हणून टाकले जाते. फोटोतली अक्षरे गुगल थोडीफार ओळखतो, पण त्याच्यावर हवाला ठेवू नये. पोस्टर जरूर ठेवा, त्याच्या खाली तोच मजकूर टाइप करून द्या. डोळ्यांनी अधू असलेले जे सभासद मोबाइलकडून पान वाचून घेतात, त्यांनाही तो ऐकता येईल.

मुखपृष्ठावर, अगदी वर, सरकत्या फोटोंच्याही आधी, एवढे हवे:

रविवार – शब्बाथ शाळा सकाळी ७.३०, मराठी उपासना सकाळी ८.३०, इंग्रजी उपासना संध्याकाळी ५.३०. बुधवार – प्रार्थना सभा संध्याकाळी ६.३०. पहिला रविवार – प्रभुभोजन.

वेळा तुमच्या घाला. त्यांच्याखाली पूर्ण पत्ता, ओळखीची खूण, फोन आणि नकाशाची लिंक. मग पार्किंग, व्हीलचेअरसाठी उतार आहे की नाही, आणि सभासद नसलेल्याने आले तर चालते का. शेवटचे वाक्य लिहायला लोक विसरतात. नवख्या माणसाच्या मनात मात्र तोच प्रश्न असतो.

नाव, गाव आणि पानाचा मथळा

तुमच्या पानाचा मथळा सध्या ‘होम – वेलकम’ असा असण्याची शक्यता दाट आहे. ब्राउझरच्या टॅबवर दिसते ती ओळ म्हणजे हा मथळा, आणि गुगलच्या निकालातली निळी ओळ बहुधा त्यातूनच घेतली जाते. तो असा करा: ‘अमुक मेमोरियल चर्च, अहिल्यानगर (अहमदनगर) – उपासनेच्या वेळा व पत्ता’. सेंट जॉन, सेंट पॉल, होली ट्रिनिटी या नावांची चर्चेस गावोगाव आहेत. नावाला गाव चिकटवले नाही तर गुगलने दुसऱ्या शहरातले चर्च दाखवले यात त्याचा दोष काय?

तुमच्याकडे गावाच्या नावाचीच आणखी एक गोम आहे. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पण लोक अजून ‘अहमदनगर’ टाइप करतात, जिल्ह्यातले तर नुसते ‘नगर’ म्हणतात, आणि अमेरिकेत बसून जुनी कागदपत्रे चाळणारा माणूस जुने इंग्रजी स्पेलिंगच टाकणार. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या चर्चेसनाही हेच लागू आहे. अधिकृत नाव आधी द्या आणि जुने नाव पत्त्यात व इतिहासाच्या पानावर स्वाभाविकपणे येऊ द्या. तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पन्नास शब्द दडवून ठेवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर करू नका; तो गुगलच्या नियमांत बसत नाही. ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे पानाच्या कोडमधली वाचकाला न दिसणारी शब्दयादी, भरून देतो म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा. गुगल रँकिंगसाठी तो टॅग वापरत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले आहे.

आणि लिपी. आपली मंडळी बोलते मराठी, पण मोबाइलवर टाइप करते रोमन अक्षरांत: ‘नगर चर्च टायमिंग’ इंग्रजी अक्षरांत. म्हणून इंग्रजीचे एक स्वतंत्र पान लागतेच. वेळा, पत्ता, लग्न, दाखले एवढे त्यावर असले तरी भागते. ते माणसाने लिहिलेले असावे. बटण दाबले की भाषांतर करणारे विजेट बसवले तर सहसा गुगलच्या यादीत वेगळे इंग्रजी पान तयार होत नाही, आणि ‘पाळक’चे काय होते ते विचारूच नका.

नकाशावरची नोंद

वेळ कमी असेल तर साइट राहू द्या, आधी हे करा. ‘माझ्या जवळचे चर्च’ असे शोधणाऱ्याला सर्वांत वर नकाशा आणि तीन-चार नोंदी दिसतात, वेबसाइट्स त्याखाली. ही नोंद म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल. नाव धंद्याचे असले तरी चर्चलाही ती फुकट मिळते. तुमच्या चर्चची नोंद बहुधा आधीच असेल; कोणीतरी वाटसरूने कधीतरी टाकलेली, पिन मागच्या गल्लीत, फोन जुन्या पाळकांचा. मालकीचा दावा करून ती ताब्यात घ्या. पडताळणीसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी आणि आतले ऑफिस उघडताना दाखवावे लागते. म्हणजे किल्ली असलेला माणूस बरोबर हवा.

दोन नोंदी सापडल्या तर एक दुबार म्हणून कळवा. नाव पाटीवर आहे तेच लिहा. ‘बेस्ट चर्च इन नगर’ असली शेपटी लावलीत तर नोंद स्थगित होऊ शकते. तुमच्या पंथाचा प्रकार यादीत असेल तर तो निवडा, नसेल तर साधे ‘चर्च’. वेबसाइटची लिंकही दाबून पाहा. या प्रोफाइलबरोबर पूर्वी एक फुकटची एकपानी साइट मिळायची, ती गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. अनेक संस्थांच्या पत्रकांवर तो मेलेला पत्ता अजून छापला जातो.

स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात असे गुगल सांगते: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही. सावेडी उपनगरात उभ्या असलेल्या माणसाला सावेडीतलेच चर्च आधी दिसणार. जुळणी तुमच्या माहितीवर ठरते. प्रसिद्धीत रिव्ह्यू आणि इतर साइट्सवरचे उल्लेख येतात. रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण व्यासपीठावरून जाहीर करून एकाच रविवारी शंभर जणांकडून ‘छान चर्च’ लिहून घेऊ नका. ते बनावट वाटतात आणि उडवले जाऊ शकतात. बाहेरगावच्या लग्नाला आलेल्या पाहुण्याने लिहिलेल्या चार ओळी जास्त कामाच्या. वाईट रिव्ह्यूला शांतपणे उत्तर द्या. कमिटीचे भांडण तिथे काढू नका, आणि कोणी काढलेच तर त्यात उतरू नका.

लिहावीत अशी दोन पाने

पहिले, दाखल्यांचे. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या नोंदींचा उतारा कसा मिळतो? कोणती माहिती लागते, ऑफिस कधी उघडे असते, परगावचा माणूस पत्राने किंवा ईमेलने मागू शकतो का, नोंदवही कोणत्या वर्षापासून आहे? लग्न लावायचे असेल तर किती आधी भेटायचे, कोणते कागद आणायचे? हे कोणीच लिहीत नाही. त्यामुळे नीट लिहिणाऱ्याला स्पर्धाच नाही, आणि ऑफिसातले निम्मे फोनही वाचतात. नोंदवहीची पाने मात्र स्कॅन करून टाकू नका. सभासदांची नावे, मोबाइल नंबर, मुलांचे वाढदिवस, कोणासाठी कसली प्रार्थना चालू आहे, यांतले काहीही उघड्या साइटवर नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी कोणाच्या आजारपणाची किंवा बाप्तिस्म्याची बातमी गुगलवर कायमची ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरे पान इतिहासाचे. नगरच्या चर्चेसच्या हाती इथे जे आहे ते मुंबई-पुण्याच्या नव्या चर्चकडे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधले काम १८३१ पासूनचे. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघाले. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे राहिले. तुमचे चर्च त्या परंपरेतले असेल तर तसे स्पष्ट लिहा, आणि ऐकीव कथेऐवजी वस्तूंपासून सुरुवात करा: कोनशिलेवरचा मजकूर जसाच्या तसा, घंटेवर कोरलेले वर्ष, भिंतीवरच्या स्मृतिपाट्या, पाळकांची नावे आणि कारकीर्द. जुन्या फोटोखाली ‘फोटो १’ नको. कोणते वर्ष, कुठली बाजू, कोण उभे आहे ते लिहा. या मिशनची मूळ संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. अभ्यासकांची नजर तिकडे असतेच. असे पान नीट केले की विद्यार्थी, पत्रकार, मिशनऱ्यांचे वंशज आणि नगरहून मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे आपणहून त्याची लिंक देतात. अशी एक लिंक एजन्सीने विकत आणलेल्या पाचशेंना भारी पडते.

लिंक मागायचीच तर योग्य ठिकाणी मागा. धर्मप्रांताच्या साइटवर चर्चेसची यादी असते, तीत तुमच्या नावाला साइटचा पत्ता जोडलाय का? चर्चशी संबंधित शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्या साइट्स? एक ईमेल केले की काम होते. आणि सगळीकडे नाव, पत्ता, फोन एकच ठेवा.

गीतांबद्दल नेहमी विचारणा होते. मराठी ख्रिस्ती गीतांचे शब्द भरपूर शोधले जातात, तेव्हा ते टाकले तर साइटवर गर्दी होईल ना? होईल. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या रचनांवर आता कॉपीराइट नाही. नव्या गीतकारांच्या रचना परवानगीशिवाय टाकता येत नाहीत. पण ती गर्दी नागपूर, कोल्हापूर, नाशिकची. तिच्यातला माणूस गीत वाचून निघून जाईल. मंडळीला गीतांची सोय म्हणून टाकायची तर जरूर टाका. आकडे फुगवायला टाकायची तर तो वेळ दाखल्यांच्या पानाला द्या.

नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर

वर्षातला सर्वाधिक शोध या दिवसांत होतो, आणि नेमक्या तेव्हाच नकाशावरच्या नोंदीवर चुकीची वेळ असते. प्रोफाइलमध्ये सणाच्या खास वेळा वेगळ्या भरता येतात, त्या भरा. नाताळची तारीख ठरलेली आहे, पण ईस्टर सरकतो: २०२५ मध्ये २० एप्रिल, २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. त्यामुळे लोक दर वर्षी नव्याने शोधतात.

इथे एक बारकावा. दर वर्षी ‘नाताळ २०२४’, ‘नाताळ २०२५’ अशी नवी पाने काढू नका. ‘नाताळ’ असे एकच पान, एकच पत्ता. मजकूर दर वर्षी बदला. जुन्या पानाला मिळालेली ओळख आणि लिंक मग वाया जात नाहीत. नोव्हेंबर संपायच्या आत ते अद्ययावत करा. २३ डिसेंबरला टाकलेले पान गुगल उचलेपर्यंत सण उलटलेला असतो. झावळ्यांचा रविवार ते ईस्टर या आठवड्याचेही एकच पान पुरे.

बाकीचे भराभर. मुखपृष्ठावरचे फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले असतील तर लहान करा. साइट मोबाइलवरच पाहिली जाते आणि गुगलही मोबाइलवरचेच रूप तपासतो. ब्राउझर पत्त्याआधी ‘नॉट सिक्युअर’ दाखवत असेल तर होस्टिंगवाल्याला एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित करणारे प्रमाणपत्र, लावायला सांगा. लेट्स एन्क्रिप्टचे फुकट मिळते. यूट्यूबवरच्या उपासनेला ‘लाइव्ह’ एवढेच नाव नको. चर्चचे नाव, गाव, तारीख आणि प्रवचनाचा उतारा लिहा. स्कीमा नावाच्या कोडमध्ये ‘चर्च’ हा प्रकार आहे. डेव्हलपर जोडून देत असेल तर घ्या, पण त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत एवढा फरक पडत नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे ते मात्र आजच विचारा. डेव्हलपरच्या नावावर असेल तर चर्चच्या खात्यात घ्या आणि एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाका. मुदत संपलेले डोमेन जुगारवाले टपून उचलतात. मग चर्चच्या छापील लग्नपत्रिकेवरचा पत्ता उघडला की रमी दिसते, आणि ते परत मिळवणे फार जिकिरीचे.

आता एजन्सी. महिन्याच्या करारावर सही करू नका. हवे तर त्यांना एकरकमी काम द्या: सर्च कन्सोल जोडणे, हॅक तपासणे, मथळे दुरुस्त करणे, फोटो लहान करणे, पासवर्ड आणि मालकी चर्चकडे लेखी सोपवणे. वेळा, सण आणि दाखले ही माहिती बाहेरचा माणूस ताजी ठेवू शकत नाही. त्यासाठी कमिटीतला एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा, असे नाव ठरवून ठरावात घाला. साइट यादीत आल्यावर स्वतःच्या नावासाठी ती दिसायला काही आठवडे धरा, ‘नगर चर्च’ अशा शब्दांसाठी काही महिने. त्यानंतर महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाकून येतात ती यादी उघडा. तिथे ‘दफनभूमी’ दिसले आणि साइटवर दफनभूमीबद्दल एक ओळ नसेल, तर पुढच्या मीटिंगच्या आधी ते पान लिहायला घ्या.